प्रज्वलची पांढरी बटणं

प्रिय सुमन,

तुझी आठवण आली म्हणून हे पत्र लिहून नाही राहिलो. आठवण तर रोजच येते, तिच्यासाठी कागद कायले खराब करायचा? लिहायचं कारण असं, की घरात एक वस्तू सापडून नाही राहिली आणि ती कुठे आहे हे तुझ्याशिवाय कोणालेच ठाऊक नाही. जन्मभर मी हेच केलं ना वं? माझा चष्मा कुठे, माझा टॉवेल कुठे, गॅसचं पुस्तक कुठे. तू सैपाकखोलीतून ओरडून सांगायची आणि वस्तू बरोबर तिथेच निघायची. आता मी ओरडतो, तर नुसता कुलरचा आवाज येतो.

परवा दुपारी मागच्या गल्लीतली मंदाताई आली होती. ऊन असं, की गेटले हात लावला तर चटका बसावा. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झालं तरी ती बसूनच. मग खाली पाहात म्हणाली, "भाऊजी, ते बटनं झाले काय? वहिनी गेल्या तवापासून मी काही बोलली नाही. तुमच्या घरात एवढं झालं, त्यात आपलं कुठं काढता. पण आता प्रज्वलले जाऊन वर्ष होऊन राहिलं. वहिनी तर प्रत्येकाचे बटनं येगळ्या पुरचुंडीत बांधत, त्याचे बी असतीन."

सुमन, मी काय करून बसलो ते मले त्या क्षणी कळलं. तोपर्यंत कळलंच नव्हतं!

थांब, सरळ सांगतो. दिवाळीनंतर तू गेली. तेरवी झाली, आपली सोनू पुण्याले परत गेली, घर रिकामं झालं. मग एक दिवस मी तुझ्या मागच्या खोलीत शिरलो. लोणच्याच्या बरण्या, आइस्क्रीमच्या काड्या, फुटक्या बांगड्या, जुन्या सीडी, साड्यांचे काठ, औषधाच्या बाटल्यांची झाकणं. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन, घडी करून ठेवलेल्या. आणि बटणं. बाप्पा रे, बटणं! कुंकवाच्या रिकाम्या डब्यांत, कपड्याच्या पुरचुंड्यांत, एक गाठ तर माझ्या जुन्या मोज्यात बांधलेली.

या खोलीवरून आपण किती भांडलो, आठवते? मी म्हणायचो, ही खोली आहे का भंगारचं दुकान? आणि मोहल्ल्याने आणून दिलेलं असलं सामान त्या रेझिनमध्ये, काचेसारख्या घट्ट होणाऱ्या चिकात, बसवता बसवता तू नजर न काढता म्हणायची, "अजी, तुमाले समजत नाही तर हात नका लावू."

मी स्टोअरकीपर माणूस. नोकरीत उभा जन्म नट या खान्यात आणि बोल्ट त्या खान्यात ठेवण्यात गेला. मले तो पसारा पाहावेना. चादर अंथरली, तुझ्या सगळ्या पुरचुंड्या तिच्यावर सोडल्या आणि बसलो निवडायले. लाल लालमध्ये, निळं निळ्यामध्ये, पांढरं पांढऱ्यामध्ये. बरण्या घासल्या, पुसल्या, ओळीने लावल्या. खरं सांगतो, तेवढे दिवस मले बरं वाटलं. वाटायचं, सुमनचंच काम करून राहिलो. फोटो काढून सोनूले पाठवला तर ती म्हणाली, बाबा, आईची खोली पहिल्यांदाच अशी सुंदर दिसून राहिली! मी फुगलो ना.

मले काय माहीत, की तू बटणं रंगाने ठेवतच नव्हती! तू माणसाने ठेवत होती. ही पुरचुंडी देशपांडे वहिनीच्या घरची, ती मोज्यातली माझ्या नोकरीतल्या शर्टांची, ही कुंकवाची डबी अमक्या सुनेची. कुठे एक चिठ्ठी नाही, नाव नाही. कपडा पाहून तुले समजायचं. काहून नाही सांगितलं वं कधी? एवढं बोलायची दिवसभर, आणि हे तेवढं राहून गेलं?

आता त्यातली प्रज्वलची कोणती, सांग.

मंदाताईचा पोरगा तो. दहावीचा शेवटचा पेपर देऊन दोस्तांसोबत कन्हानच्या नदीवर पोहायले गेला. पोरं वापस आली, हा नाही आला. तू तेव्हा घरात कमी आणि मंदाताईकडे जास्त होती. मी हातानेच वरण-भात करून खायचो आणि तुले काही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

आणि तो दिवस. मंदाताई त्याचे कपडे देऊन टाकायले काढून बसली होती. आपल्या इकडच्या बायांची सवय, जुना शर्ट भांड्यांच्या बदल्यात भांडेवालीले द्यायच्या आधी बटणं कापून ठेवायची. तिचा हात आपोआप चालला. कात्री चालत गेली, आणि शेवटचं बटण निघाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हा शर्ट कोणाचा आहे. तशीच मूठ आवळून धावत आली होती आपल्याकडे, पायात चप्पल नव्हती. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. तू तिची मूठ दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, "मंदे, मी याचं असं काही करून देतो वं तुले, की रोज हात लावता येईन. खराब नाही होणार, हरवणार नाही."

हरवणार नाही! ऐकून राहिली ना?

मग पावसाळा गेला, तुझा ताप सुरू झाला, दवाखाना झाला. त्या मुठीतलं तू कुठल्या कपड्यात बांधलं, कुठल्या डबीत टाकलं, मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी ध्यानात ठेवलं नसतं. आणि आता ते पांढऱ्याच्या बरणीत आहे. पांढऱ्याच्या! साऱ्या मोहल्ल्याच्या पोरांचे शाळेचे शर्ट पांढरे, सगळी बटणं चार छिद्रांची, सगळी एकाच मापाची. चष्मा लावून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. मले काही समजलं नाही, सुमन.

काल सकाळी ती परत आली, तर मी सांगून टाकलं. दुसरं काय करणार होतो? खोटी चार बटणं काढून द्यावी, असं मनात आलं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून ते जमलं नाही.

ती एकदम उभी राहिली. "काहून हात लावला तुमी? कोणी सांगतलं होतं तुमाले? वहिनीनं सांगतलं होतं?"

"नाही."

"मंग काहून लावला?"

घर खायले उठत होतं म्हणून लावला, असं कसं सांगू त्या बाईले? तिचं घर काय कमी खायले उठत असेल? पण ती रागावलेली होती ते मले बरंच वाटलं. तू गेल्यापासून माझ्यावर कोणी रागावलंच नाही. सगळे आपले हळूहळू बोलतात.

मग ती फतकल मारून जमिनीवर बसली. म्हणाली, "आणा ते बरणी. मी ओळखतो. वरून दुसरं बटन तुटलं होतं, तिथं मी त्याच्या बाबाच्या शर्टाचं लावून देल्लं होतं. ते जरासं मोठं आहे. ते एक सापडलं तरी पुष्कळ आहे."

काय सांगू, मले इतकी आशा लागली! मी ताट आणून त्यात पेपर अंथरला, बरणी रिकामी केली. ती एकेक बटण उचलायची, अंगठ्याने घासायची, खिडकीकडे धरायची, बाजूले ठेवायची. जरासं मोठं निघालं की माझा जीव वर यायचा. पण जराशी मोठी कितीतरी निघाली गं! प्रत्येकच घरात कोण्या ना कोण्या आईने बापाच्या शर्टाचं बटण पोराच्या शर्टाले लावलेलं. मी चहा केला, त्यात साखर टाकायची विसरलो. तिने तो तसाच पिऊन टाकला, तिले समजलंही नाही.

दुपार झाली तेव्हा तिचे हात थांबले.

"मी त्याची माय आहो, भाऊजी," म्हणाली. "अन् मलेच ओळखू येऊन नाही राहिलं."

आणि रडायले लागली. तोंडात पदर कोंबून, ताटावर वाकून. सुमन, अशा वेळी काय करायचं असते? तू असती तर जवळ घेतलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता, काहीतरी बोलली असती. तुम्हा बायांले ते येते. मले काय येते? मी उठलो आणि कुलर मोठा केला. एवढंच सुचलं मले. त्या वाऱ्याने बटणाखालचा पेपर उडायले लागला, तर परत छोटा केला.

नंतर तोंडातून जे निघालं ते विचार करून निघालं नाही. मी म्हटलं, "मंदाताई, सगळीच रेझिनमध्ये टाकू. बरणीतलं एकही मागे नाही ठेवायचं. त्याची या बरणीच्या बाहेर तर नाहीत ना?"

तिने नाक पुसलं. "तुमाले येते काय ते रेझिन?"

"नाही."

"मले बी नाही येत."

घ्या! तुझ्या आलमारीतून त्या दोन बाटल्या काढल्या, हातमोजे काढले. मोबाइलवर एक पोरगी फडाफडा हिंदी बोलत करून दाखवते, हसत हसत, बहुत आसान है म्हणते. बाटल्यांवरचं बारीक अक्षर मले दिसेना. मापं घेतली तुझ्याच खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. एकदम पेलाभर कालवलं, म्हटलं काम उरकेल. पाहतो तर पेला गरम, मग धूर, आणि मग आतल्या काडीसकट सगळं दगड! मंदाताई भिंतीले चिकटून उभी. मी पेला अंगणात नेऊन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसलो. वाटलं, एवढी साधी गोष्ट. शाळेतली लेकरं तुझ्याजवळ बसून करायची, आणि मले साधी होत नाही.

मग आठवलं, उन्हाळ्यात तू हे काम नेहमी दिवस उगवायच्या आधी करायची. मी ओरडायचो, झोपू देत नाही ही बाई म्हणून. गरमीत ते पेल्यातच भडकते, म्हणून करत होती का तू तसं?

आज ती पहाटेच आली. मिठाईच्या डब्याचं ते मोठं प्लास्टिकचं झाकण तू जपून ठेवलं होतं, ते घेतलं. तिने त्यात बटणं मांडली, एकेक, सरळ करून. मी थोडं थोडं कालवून ओतत गेलो. माझा हात हलला की ती मनगट धरायची. बुडबुडे आले ते तिने टाचणीने फोडले. बाहेर दूधवाला ओरडून गेला, तरी मी उठलो नाही.

जाताना तिने विचारलं, "यातच आहे ना तो?"

म्हटलं, "हो. यातच आहे."

"मंग झालं," म्हणाली, आणि गेली.

झालं काय, सुमन? मले नाही वाटत झालं. तू तिले तिच्या पोराची बटणं दिली असती. मी तिले साऱ्या मोहल्ल्याची पोरं देऊन राहिलो. त्यात तिचं आहे, पण कुठे आहे हे तिले कधीच समजणार नाही. ते झाकण आता तुझ्या टेबलावर आहे, वरून परात झाकली आहे. एक कोपरा अजून चिकट लागते. घट्ट होईल का, तसाच राहील, मले माहीत नाही. कोणाले विचारू?

आणखी एक गोष्ट झाली, ती सोनूले सांगणार नाही, तुलेच सांगतो. मंदाताई गेल्यावर पेल्यात थोडं रेझिन उरलं होतं. म्हटलं, औषधाच्या एका छोट्या झाकणात सुमनचं एक बटण ठेवू, आपल्यासाठी. झाकणात रेझिन ओतलं आणि तुझी आलमारी उघडली. साड्या. साड्या आणि साड्या. ब्लाउजले हूक. गाऊनले चेन. थंडीत स्वेटर घाल म्हणून किती सांगितलं, तू आपली शालच ओढून बसायची. सगळे कप्पे काढले, पलंगाखालची पेटीसुद्धा पाहिली, त्यातच दुपार झाली. साऱ्या मोहल्ल्याची बटणं या घरात आहेत, आणि तुझं एक नाही! एक नाही, सुमन! वापस आलो तोपर्यंत झाकणातलं रेझिन घट्ट होऊन गेलं होतं. स्वच्छ, आरपार दिसते. आत काहीच नाही.

ते फेकवत नाही. खिशात ठेवलं आहे.

आता दूध आणायले निघालो, तर गेटले एक कपड्याची पिशवी अडकवलेली. कोणीतरी तुझ्यासाठी ठेवून गेलं. अजूनही ठेवतात लोक. कोणाले खबर नसेल, कोणाले असेल तरी सवय. हलवून पाहिली तर बटणंच आहेत. गाठ सोडली नाही. तुले शब्द देतो, आधी घरोघरी जाऊन विचारीन ही कोणाची आहे, कोणाच्या कपड्याची आहे, आणि ते नाव पिशवीवर लिहीन. मगच गाठीले हात लावीन.

तुझा,
मनोहर