बुटक्या गव्हाची पेंडी

२ फेब्रुवारी १९६९, रविवार

जास्त उतारा, चांगली पोळी, सोपी सोंगणी-कापणी — तिन्ही एकाच गव्हात मिळत नसतील तर सोडायचं कोणतं? बाबांनी आज मला विचारलं. घरातली पहिली बी. एस्सी. मी! म्हटलं, आधी पिकू तर द्या.

दयारामकाकांना मात्र असले प्रश्नच पडत नाहीत. बाबांचे थोरले भाऊ. शेती त्यांच्याच हुकमाने चालते. विहिरीखालच्या अर्ध्या वावरात आमचा नेहमीचा उंच बन्सी गहू उभा आहे, अर्ध्यात मी हट्टाने पेरायला लावलेला बुटका — कल्याणसोना. काका बांधावर, धुऱ्यावर उभे राहून चार माणसांसमोर ओरडले, "हा गहू हाय का हरळी? सोंगाले बाया नाही, ससे लावा लागतीन!"

चौघेही हसले. हसणारच — काकांच्याच घरचा चहा पिऊन आलेले! यांच्याकडे गव्हाची परीक्षा एकच, उंची. बन्सी छातीला लागतो म्हणून तो खानदानी. ओंबी सोलून दाणे बघायला कोणी वाकत नाही. वाकलं की मान जातो ना!

९ फेब्रुवारी

काल वारा सुटला. खानदानी बन्सी आडवा! बुटका जागचा हलला नाही.

काका म्हणाले, "भारी गहू असाच झोपते."

मूर्खपणालाही आमच्याकडे वंशावळ असते.

१९ फेब्रुवारी

बुटक्याच्या पिकलेल्या ओंब्या हाताने चोळल्या, दाणे वाळवून दळून आणले. मायने पोळ्या केल्या. तव्यावर फुगल्या, दुपारपर्यंत चामड्यासारख्या झाल्या. "याच्या शेवया तुटतीन वो फुला," माय म्हणाली. खरं असावं. इथे खोटं कोणासाठी लिहू? पण उन्हाळ्यातल्या शेवयांसाठी दरवर्षी कमी पिकवायचं?

काकांनी पाचवी पोळी मागून घेतली आणि म्हणाले, "चव नाही!"

२४ फेब्रुवारी

सोंगणी सुरू झाली. आडव्या बन्सीत बायांचे हाल. एका हाताने काड्या उचलायच्या, मग विळा घालायचा. कुसळांनी हात सोलून निघतात. दुपारनंतर बुटक्याला हात घातला आणि बायांची पात सरसर पुढे गेली. वाकावं जास्त लागतं, पण काम उरकतं. काका बाभळीखाली बसून पाहत होते. आज ससे आठवले नाहीत! आजचं जेवण मला फार गोड लागलं.

२५ फेब्रुवारी

गोडी उतरली.

आमच्याकडे सोंगणाऱ्या बाईला संध्याकाळी एक पेंडी मिळते, तीच तिची मजुरी. पेंडी केवढी? एका बंदात मावेल तेवढी. आणि बंद कशाचा? त्याच वावरातल्या काड्यांचा — दोन मुठी काड्या ओंब्यांकडून गाठ मारून, पिळून केलेला. बन्सीचा बंद चांगला लांब होतो, पेंडी कवेत मावत नाही. बुटक्याची काडीच आखूड! आज सोंगणाऱ्या नूरबीने पेंडी बांधली ती बगलेत बसली. ओंब्या कितीही भरलेल्या असोत, नेहमीच्या निम्म्याहून कमीच.

नूरबी म्हणाली, "या अल्ला! हे पेंडी हाय का बाहुली?"

तिच्या सोबतच्या सोजराबाईने काल आखूड काड्या पाहून घरून अंबाडीची लांब दोरी आणली होती. काकांनी ती तिच्या हातातून घेऊन धुऱ्यावर फेकली. "ज्या वावराचा गहू, त्याच वावराचा बंद. बापजाद्याची रीत हाय."

सोजराबाई दोरी उचलून माझ्याकडे वळली. "फुलाबाई, तुमचा गहू शिकेल-सवरेल दिसते. द्याची येळ आली का लहान होते!"

सगळ्या हसल्या. मीही हसायला गेले. जमलं नाही.

२७ फेब्रुवारी

काका बुटक्याचे भक्त झाले!

पिंपळगाव राजाच्या बाजारात सांगत होते, "उताऱ्याले जास्त, अन् पेंडीले निम्मा! पुतणी शिकली त्याचा असा फायदा हाय बावा." मलकापूरच्या व्याह्यांना पेरायला बियाणं कबूल करून आले. गावातल्या बारा जणांनाही.

एवढे दिवस मी दाणे, ओंब्या, वारा सांगत होते, तेव्हा डोक्यात काही शिरलं नाही. बायांच्या तोंडचा घास कमी होतो म्हटल्याबरोबर विज्ञान पटलं! यांच्या विरोधाची किळस होती. यांच्या कौतुकाची जास्त आहे.

१ मार्च

काकांना म्हटलं, दोरीने बांधू द्या.

"रीत मोडत नसते पोरी."

"उंच गव्हाची रीत दोन दिवसांत मोडली की तुम्ही!"

"जास्त बोलून राह्यली तू."

मग बाबांकडे गेले. घरात भांडण आलं की बाबा बैल धुवायला काढतात. आज बैल दोनदा धुतले गेले. शेवटी पाठमोरेच म्हणाले, "बी तू निवडलं, बी तुह्या ताब्यात. बाकी मले इचारू नको."

भित्रेपणालाही बैलाचं शेपूट हवं, मागे लपायला.

३ मार्च

सोंगणी संपली. शेवटच्या दिवशी सोजराबाई आलीच नाही. "बाहुल्या खेळाचं वय गेलं मायं," असं सांगून पाठवलं.

१२ मार्च

खळं आटोपलं. बुटका बन्सीच्या जवळजवळ दीडपट उतरला. आनंद व्हायला हवा होता.

मी आणि मायने बी पाखडून पोती भरली. ओट्यावर काका गावच्या लोकांना सांगत होते, पेंडी कशी आटते ते. माणसं माना डोलवत होती. एकालाही वाटलं नाही की हे मोठ्याने बोलायची गोष्ट नाही!

माय सूप खाली ठेवून एवढंच म्हणाली, "सोजरानं तुले अंगाखांद्यावर खेळोलं होतं."

१४ मार्च

काका सकाळी मलकापूरला गेले. भर दुपारी मी गाडी जुंपली. बियाण्याची सगळी पोती सोजराबाईच्या घरात नेऊन टाकली. माय पोत्यांवर बसून आली. बाबा बैल धरायला आले नाहीत, पण अडवायलाही नाही.

गावभर सांगून टाकलं: बुटका पेरायचा असेल त्याने बी तिथून न्यावं. पेंडी दोरीने बांधू देतो, असं बायांसमोर कबूल करावं आणि न्यावं.

काकांनीसुद्धा.