उकळून निम्मं

२ जानेवारी
आले बाई एकदाची! लेकीने नोकरी पुन्हा धरली, जावयांची पाळी सकाळची, मग सव्वा वर्षाच्या नातीला सांभाळायला हक्काची आजी हवीच. घर भाड्याचं, जुनं, पण ऐसपैस. स्वयंपाकघरात भिंतीतून एक करडा, जाडजूड पाइप नळापर्यंत आला आहे, मध्येच अजगराने उंदीर गिळल्यासारखा फुगलेला. आल्या आल्या त्याला फडक्याने लख्ख पुसला. पाणी गोड आहे. नात सदऱ्याच्या गुंडीसारखी गोल, म्हणून मी तिला गुंडीच म्हणते.

५ जानेवारी
तीस वर्षं रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काढली. चादरींवर शिवलेली वॉर्डांची नावं वाचत वाचत अक्षरं शिकले, आणि उकळी फुटली की रोग मेला, हेही तिथेच शिकले. तेव्हा सगळ्यांच्या आधी उठून नळाचं पहिलं पाणी मीच भरते, कुणाचा हात लागायच्या आत. किटलीत निम्मं होईपर्यंत आटवते आणि त्यात गुंडीची दुधाची पावडर कालवते. जावई चेष्टा करतात, काय आई, पहिल्या धारेची काढता की काय! लेक त्यांना म्हणाली, हसू नकोस, मलाही हिने असंच वाढवलंय, दगड दिलास तरी पचवीन.

१९ जानेवारी
गुंडीचे आजचे शब्द: दे, गेला, बूट, आद्दी. आद्दी म्हणजे मी! बाकी सगळं जग बूट. चप्पल बूट, मांजर बूट, खिडकीतून चंद्र दिसला तर तोही बूट. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

११ फेब्रुवारी
गुंडी खात नाही. पोट दगडासारखं, चार दिवस शी नाही. उगाच किरकिरते. लेक म्हणाली, दात येत असतील. मी म्हटलं, पाणी कमी पडत असेल. आजपासून दुपारीही किटली चढवली.

२६ फेब्रुवारी
बूट समोर धरला. बघितलं, हात लावला, बोलली नाही. लहान आहे, विसरली असेल. ओठ मात्र धुतलेल्या चादरीसारखे पांढरे दिसतात.

८ मार्च
चालता चालता मध्येच बसते आणि भिंतीकडे बघत राहते. भिंतीवर काही नाही, मी हात फिरवून पाहिला. वेडी म्हणतील मला, पण या घरात आमच्याखेरीज आणखी कुणीतरी आहे. ते लेकराला थोडंथोडं उचलून नेतंय. आधी भूक नेली, मग रंग, आता शब्द. मी पाळणा त्या भिंतीपासून दूर सरकवला. फरशी उकळत्या पाण्याने धुतली, खेळणी उकळली. तिचं पाणी आता दोनदा उकळते.

१४ मार्च
‘दे’ गेलं. ‘गेला’ही गेलं. आद्दी तेवढं उरलंय.

१७ मार्च
भर दुपारी माझ्या मांडीवर ताठ झाली. डोळे वर. लेक कामावरून धावत आली, रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. रक्तात शिसं निघालं. एवढ्याशा जिवात शिसं कुठून येईल? त्यांनी भिंतींचा रंग विचारला, खेळणी विचारली, मग पाणी. म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत नळाचं पाणी देऊ नका. गुंडीला तिथेच ठेवून घेतलं.

२० मार्च
पाणीखात्याचे तपासनीस आले. किल्लीने पाइप खरवडला. आत चंदेरी चकाकलं. सबंध शिशाचा, म्हणाले. रात्रभर पाणी आत बसून राहतं, त्यात शिसं उतरतं, सकाळचं पहिलं पाणी सगळ्यांत वाईट. त्यांनी ते पहिलं पाणी एका बाटलीत घेतलं, बराच वेळ नळ सोडून दुसरी बाटली भरली. मी दवाखान्यात न्यायला थर्मास भरत होते. म्हणाले, हे कशाला? मी म्हटलं, हे नळाचं नाही, हे उकळलेलं आहे. मग त्यांनी थर्मासमधलं पाणी तिसऱ्या बाटलीत ओतून घेतलं.

२४ मार्च
तपासनीस आले तेव्हा घरी मी एकटीच. म्हणाले, उकळल्याने जंतू मरतात, शिसं मरत नाही. पाणी उडून जातं, शिसं खालीच राहतं. तिसऱ्या बाटलीत सगळ्यांत जास्त — पहिल्या पाण्याच्याही दुप्पट — माझ्या किटलीतलं —
हळूच म्हणाले, तुम्हाला काय माहीत असणार, आजी.
म्हणजे घरात जे होतं ते —

२५ मार्च
लेक गळ्यात पडून रडली. म्हणाली, आई, तू होतीस म्हणून बरं, निदान उकळून तरी पाजत होतीस.
मी तिचे डोळे पुसले आणि किटली फळीवर मागे सारली.

२९ मार्च
गुंडीला घरी आणलं. नळाला फडकं बांधलंय, पाण्याचे जार आणलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही परत येईल, काही — सांगता येत नाही. दिवसभर तिच्यासमोर बसले. मी कोण, बाळा? मी कोण?
काही नाही.

३० मार्च
कुणाच्याही हातचं पाणी पीत नाही. लेकीने पेला धरला, मान फिरवली. जावयांनी धरला, ढकलला. मी धरला —
घटाघटा प्यायली. माझ्याकडे बघत.
जावई म्हणाले, बघा, आमच्यापेक्षा तुमच्यावर विश्वास.

१ एप्रिल
सकाळपासून तीनदा पाजलं. जारचं आहे, स्वच्छ आहे, तरी पेला तिच्या ओठांशी नेताना — आणि ती बघते. तशीच. हसत.
लेक आतून हाक मारतेय, आई, ये गं, तुझ्याशिवाय पीत नाही ही.
आता नाही सोसवत. आधी सांगते, मग पेला धरते. मग लेक धरू देईल, न देईल. लेकीला समोर बसवून सांगते, बाळे, ते तिसऱ्या बाटलीतलं पाणी माझ्या —
लेकच दारात आली. कडेवर गुंडी. गुंडीने हात माझ्याकडे पसरलेत —