ब्रेकच्या बाजूला ग्रीस नाही

मी, खाली सही करणारी, या घरातली थोरली मुलगी, वय सव्वीस, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दबाव होता, पण तो वेगळेच काही लिहून देण्याचा होता. ते आधी सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण करण्यासारखे काही नव्हते.

उद्या सकाळी मी बाबांची बंद जीप घरामागच्या उतारावरून वर नेणार आहे. इंजिन चालत नाही, पण पुढच्या बंपरवर विंच बसवले आहे. विंच म्हणजे बॅटरीवरच्या मोटरने फिरणारा ड्रम. तारेचा हूक वरच्या झाडाला अडकवायचा, ड्रमने तार गुंडाळायची, की गाडी आपणच आपल्याला वर ओढते. अर्ध्या उतारावर मी स्विच सोडणार आणि गाडीचा ब्रेक दाबणार नाही. विंचने धरली तर गाडी तिथेच उभी राहील. नाही धरली तर खाली नाला आहे, आणि स्टिअरिंगवर मी आहे.

हे कळल्यावर काका म्हणाले, "उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर लोक आम्हालाच नावं ठेवतील. माझ्या जबाबदारीवर करतेय, घरच्यांचा काही संबंध नाही, एवढं लिहून दे." मी रात्रभर विचार केला. घरच्यांचा संबंध नाही असे मी लिहू शकत नाही, कारण तो आहे. म्हणून हे लिहिते.

कलम १. घर माझे नाही, त्यामुळे त्याबद्दल मला बोलता येत नाही. मागच्या खोलीत फरशीवर जो काळा डाग आहे तो मात्र माझा आहे. तो घासून निघत नाही, मी सगळे करून पाहिले. त्यावर सतरंजी टाकू नये.

कलम २. आईचे मोठे पातेले मी विंचचे गिअर रॉकेलमध्ये बुडवायला घेतले होते. विचारले नव्हते. ते आता स्वयंपाकाच्या कामाचे राहिलेले नाही. माझ्या बँकेतल्या पैशांतून आईला आधी तसेच पातेले घेऊन द्यावे, बाकी सगळे पैसेही तिचेच. "मुलीच्या लग्नासाठी असू देत" असे तिने म्हणू नये. तेव्हा मी नसेन.

कलम ३. आत्याला विंचवरची जुनी तार. ज्याने एकदा माणसाचा हात खाल्ला ते घरात ठेवू नये, असे आत्या बाबांसमोर जेवताना म्हणाली होती. तार कपडे वाळत घालायला चालणार नाही, जागोजागी तुटून टोचते. दोघींचे जमेल.

कलम ४. पाने, पुलर, व्हाइस ही हत्यारे आणि त्यांची पत्र्याची पेटी माझ्या चुलत बहिणीला, म्हणजे काकांच्या मुलीला, जिला सगळे बारकी म्हणतात. ती आता बारकी नाही. विंचही तिलाच. या वस्तूंवर काकांचा हक्क नाही. त्या भंगारात देता येणार नाहीत आणि "मुलीच्या हाताला काळं लागतं" म्हणून माळ्यावरही टाकता येणार नाहीत. बारकीने खालील गोष्टी पाळाव्यात. तार कधीही सैल गुंडाळू नये. ताणलेली तार ओलांडू नये. तारेवर जाड गोधडी टाकावी, म्हणजे तुटलीच तर फटकारा बसत नाही. आणि ब्रेकच्या बाजूला ग्रीस लावू नये.

कलम ५. हे शेवटचे वाक्य का लिहिले, त्याबद्दल.

मला अक्षरे आईने शिकवली आणि आकडे बाबांनी. शाळेत नाव घातले तेव्हा मला पान्यांवरचे नंबर वाचता येत होते. काकांनी शिकवले ते असे: कुरकुरलं की ग्रीस लाव. दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, पंखा, काकांच्या निळ्या ग्रीसचा डबा घरभर फिरायचा. या घरात कशाचाही आवाज येत नाही तो काकांमुळे. हे मी मनापासून लिहिते.

बाबा खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढून काढायचे. एकदा एक व्हॅन चढावर अर्धी वर आली असताना त्यांनी विंच थांबवले आणि चाकामागे दगड लावायला वाकले. विंचने तार सोडली. व्हॅन मागे आली आणि बाबांचा डावा हात चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडला. तीन बोटे आजही मिटत नाहीत. तेव्हापासून बाबा सायकलच्या दुकानात बसतात आणि पाहुण्यांसमोर डाव्या हाताने कप उचलत नाहीत. काका प्रत्येक समारंभात सांगतात, "मी आदल्याच आठवड्यात विंच आतून-बाहेरून ग्रीस करून दिलं होतं, नवं करून दिलं होतं. यानेच ड्रम अडकवायचा लिव्हर अर्धवट टाकला असणार." बाबा मान हलवतात. त्यांनाही तसेच वाटत आले आहे.

तेच विंच मी मागच्या खोलीत उघडले तेव्हा गिअरच्या बाजूला बाबांचे तपकिरी ग्रीस होते. ड्रमच्या आत, जिथे ब्रेक असतो, तिथे निळे. गच्च भरलेले. तो ब्रेक कोरडा घासूनच धरतो. सायकलच्या ब्रेकच्या रबराला कुणी तेल लावत नाही, तसेच हे. ते विंच सुटणारच होते. लिव्हर कुणीही, कसाही टाकला असता तरी.

काकांनी हे वाईट मनाने केले असे मी म्हणत नाही. आतल्या ब्रेकच्या पट्ट्या दिसण्याआधी माझ्याही हातात तोच डबा होता.

मी बाबांना बोलावून दाखवले. त्यांनी बोटाने ग्रीस काढले, वास घेतला, फडक्याला बोट पुसले. मग म्हणाले, "राहू दे. काकाला बोलू नकोस. त्याचं वय झालंय."

बाबा, तुम्ही बोलू नकोस म्हणालात. मी बोललेली नाही. लिहिले आहे. काकांचे वय झाले, मग तुमचे काय झाले? मला कुलूप लावून दोनदा ओढून पाहायची सवय आहे, तुम्हीच हसता त्यावर. मला भीती वाटते. पण गाडी अर्ध्या उतारावर उभी राहिलेली तुम्ही सगळ्यांनी पाहिली पाहिजे, आणि काकांनी सगळ्यांत पुढे उभे राहून. ब्रेक मी सोड्याच्या पाण्याने धुतला आहे, पट्ट्या नव्या आहेत, पिन लेथवाल्यांनी करून दिली आहे.

कलम ६. बाबांना जीप. ती कुणाला विकू नये, बाबांनाही विकू देऊ नये.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये हे बरे, म्हणून साक्षीदार असे दोघे घेते ज्यांना मी काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर ऐकलाच पाहिजे असे नाही. मी तो मोठ्याने वाचून दाखवणार आहे. काकांना लिहून हवे होते, ते हे.

सही: थोरली

साक्षीदार १, लेथवाले: सही पाहिली. पिन टिकेल.

साक्षीदार २, काका: सही पाहिली. मजकूर ऐकला. ग्रीस मीच लावलं होतं. त्याने लिव्हर बरोबरच टाकला असणार.

(याखाली बाबांनी मला न विचारता लिहिले आहे. डाव्या हाताने लिहिल्यामुळे नीट लागत नाही, म्हणून मी पुन्हा लिहिते: "स्विच तुझ्याकडे, स्टिअरिंग माझ्याकडे." याला माझी हरकत आहे. ती कुणी ऐकली नाही, एवढी नोंद करून ठेवते.)

स्थळ: मागची खोली, डागाशेजारी.
दिनांक: गाडी वर नेण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, सगळे घरात असताना.