पेन त्यांच्याच हातात

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की अक्षर बिघडतं, हा तुझा शोध मी अजून निमूटपणे पाळतो आहे. वसतिगृहात आख्ख्या मजल्यावर पत्र लिहिणारा मी एकटाच. मुलं विचारतात, घरी म्हातारं माणूस आहे का? मी सांगतो, म्हातारं नाही, निवृत्त मास्तरीण आहे, ते जास्त वाईट.

बातमी अशी की तुझा ठोंब्याही मास्तर झाला. पुरता नाही, अर्धाच. विद्यापीठाचं एक अभ्यास-मदत केंद्र आहे. ग्रंथालयाच्या जिन्याखालची खोली, चार टेबलं, आठ खुर्च्या, त्यातली एक लंगडी. वरच्या वर्गातल्यांनी तिथे अडलेल्यांना शिकवायचं. केंद्राच्या प्रमुख मॅडमचा जीव पिवळ्या चिठ्ठ्यांत अडकलेला. दर तासाला एक चिठ्ठी भरायची: कोण आलं, काय केलं, खाली दोघांच्या सह्या. महिनाअखेर चिठ्ठ्यांची चळत वरच्या ऑफिसात जाते आणि तिच्या उंचीवरून ठरतं की केंद्र चालू ठेवायचं की त्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसवायचं.

भिंतीवर हातभर अक्षरांत नियम लिहिलाय: पेन त्यांच्याच हातात. आपण विचारायचं, खुणवायचं, पण विद्यार्थ्याच्या कागदावर काना-मात्राही काढायची नाही. पहिला आठवडा मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

माझ्या वाट्याला एक नर्सबाई आल्या आहेत. बेचाळीस वर्षांच्या, आणि मला, एकवीस वर्षांच्या घोड्याला, सर म्हणतात. अठरा वर्षं वॉर्डात काढली, आता पदवी मिळाली तर वॉर्ड त्यांच्या ताब्यात येईल. संख्याशास्त्राच्या प्रकल्पात दोनदा नापास झाल्यात. तिसरी वेळ शेवटची, या वेळी गेला की पटावरून नावच कमी. दुपारी तीनला पाळी संपली की येतात, टेबलाखाली बुटांच्या नाड्या सैल करतात आणि एक जाड वही काढतात. दोन वर्षं त्यांनी त्यात टिपून ठेवलंय, कोणता रोगी कॉटवरून कधी पडला. सगळ्यांना वाटतं माणसं रात्री पडतात. यांच्या वहीत सगळ्यात जास्त पडतात ती दुपारी तीनच्या सुमाराला. दोन्ही पाळ्यांच्या नर्सा तेव्हा टेबलापाशी उभ्या राहून एकमेकींना माहिती देत असतात, आणि नेमकं तेव्हाच कुणा म्हाताऱ्याला लघवीला जायचं असतं. हे आजवर एकाही डॉक्टरच्या लक्षात आलं नव्हतं. पण हेच कागदावर मांडायचं म्हटलं की बाईंच्या तोंडचं पाणी पळतं.

गुडघा कसा आहे ते खरं खरं लिही. लोभ आहेच, तो कान पिळण्याइतकाच घट्ट राहू दे.

तुझा,
ठोंब्या


१३ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. गुडघा माझ्यापेक्षा जास्त बोलतो, यावरून काय ते समज.

पेन धरायचं नाही म्हणे! उद्या कुणी विहिरीत गटांगळ्या खात असेल तर काठावर बसून विचारणार का, की बाई गं, हात कुठे मारावा असं तुला वाटतं? सदतीस वर्षं मी पोरांच्या मुठी धरून गिरवून घेतलं, एकाचंही वाटोळं झालं नाही. तुझे आईबाप गेल्यावर तू माझ्याकडे आलास तेव्हा तुझी मूठ तर अशी आवळलेली की पेन्सिल आत शिरेना. आज जे मोत्यासारखं लिहितोस ते कुणाच्या जिवावर? आख्खी ओळ आधी लिहायची, मग वरून एकच रेघ ओढायची आणि रेघेच्या शेवटी मांजराची शेपटी काढायची, असं लिहिणारे या जगात आपण दोघंच.

नर्सबाई मला आवडल्या. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी अशीच एक होती. डॉक्टरांचा कागद तीनदा वाचल्याशिवाय गोळी हातावर ठेवायची नाही. अशा बाईला नापास करणारे तुमचे प्राध्यापक एकदा कॉटवरून पडायला हवेत, तेही दुपारी तीनला.

तेव्हा नियम भिंतीवर राहू दे. एकदा पेन हातात घे आणि कसं लिहायचं ते दाखव. कुणी फाशी देत नाही.

तब्येत सांभाळ. आशीर्वाद आहेत, आणि अक्कल मागितलीस तर तीही पाठवीन.

तुझी,
आत्या


२ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. काल पेन घेतलं.

प्रकल्प द्यायला दहा दिवस उरलेत. काल पाळीत एक रोगी दगावला होता, म्हणून बाई आल्या त्या आधीच थकलेल्या. निष्कर्ष लिहायला बसल्या, एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा तीच लिहिली. तासभर असं चाललं. सगळं त्यांना तोंडपाठ आहे, वाऱ्याच्या वेगाने बोलतात, आणि कागद दिसला की वाचा बसते. शेवटी माझा संयम सुटला. मी वहीचा एक कोरा कागद फाडला, त्यांचंच पेन घेतलं आणि त्या बोलत होत्या ते नीट शब्दांत पानभर मांडलं. पेनालाही त्यांनी वॉर्डातली चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीय, कुणी ढापू नये म्हणून. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या की हे मलाच म्हणायचं होतं, पण असं म्हणता येतं हे माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला उगाचच मोठा झाल्यासारखं वाटलं.

जाताना मी इतकंच म्हणालो की आता हे बघून लिहा. चिठ्ठीवर काय केलं त्या रकान्यात लिहिलं, चर्चा केली.

शेपटी बघून ओळखलंस ना, की खुशीत आहे? असाच लोभ चालू दे.

तुझा,
ठोंब्या


९ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

शाबास! आज पहिल्यांदा वाटलं की पोर मास्तर होईल. चर्चा केली हे तर फारच झकास, मीसुद्धा तपासणीला साहेब आले की असंच लिहायची.

बाई पास झाल्या की मला कळव. त्यांना म्हणावं, एक म्हातारी इथून तुमच्या वॉर्डावर लक्ष ठेवून आहे.

तुझी,
आत्या


११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. लिहायला तोंड नव्हतं.

बाईंनी तो कागद शब्द न् शब्द उतरवला. स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. आणि वर मूळ कागद प्रकल्पाच्या मागे टाचून दिला, खाली लिहिलं, मूळ कागद सोबत जोडला आहे. मी डोक्याला हात लावला आणि विचारलं की असं कसं केलंत? त्या गोंधळूनच गेल्या. वॉर्डात डॉक्टरांनी लिहिलेलं आपल्या शब्दांत लिहायचं नसतं, म्हणाल्या, एक आकडा इकडचा तिकडे झाला तर माणूस जातो. जसंच्या तसं उतरवायचं आणि मूळ कागद फाइलला लावायचा, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येतं. सरांनी बघून लिहा सांगितलं, मी बघून लिहिलं. आत्या, अठरा वर्षांत त्या बाईने एकही चूक केली नाही, आणि तीच सवय इथे गळ्याशी आली.

प्राध्यापकांनी परकं अक्षर पाहिलं आणि प्रकरण समितीकडे गेलं. समितीचं म्हणणं सरळ आहे. केंद्रातल्या शिकवणाऱ्याने लिहून दिलं असेल तर दोष बाईंचा एकटीचा नाही, त्यांना सुधारून पुन्हा देता येईल, आणि शिकवणाऱ्याचं वर्ष जाईल. बाहेरून कुणाकडून लिहून घेतलं असेल तर बाईंचं नाव कायमचं कमी. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, चिठ्ठीत आहे तेच, चर्चा केली. मॅडमनी मला बाजूला घेतलं. मी काय केलं हे त्यांनी विचारलंच नाही, फक्त सांगितलं की असं काही बाहेर आलं तर जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन येईल.

बाईंनी नाव सांगायला नकार दिलाय. मला म्हणाल्या की शिकाऊ मुलीच्या हातून चूक झाली तर नातेवाइकांसमोर तिचं नाव घ्यायचं नसतं.

तीस तारखेला समिती बसणार आहे. माझं अक्षर तपासणार आहेत. काय करू ते लवकर लिही.

तुझा,
ठोंब्या


१६ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. तू काही बोलू नकोस.

मला शिकवू नकोस की हे बरोबर नाही. मला कळतं. पण तिला हातात नोकरी आहे, पदवी नाही मिळाली तर आहे तिथेच राहील, उपाशी मरणार नाही. तुझ्याजवळ काय आहे? हे एक वर्ष आणि मी, त्यातली मी किती दिवसांची? तुझ्या बापाला मी शब्द दिला होता. जगाच्या भल्यासाठी घरचं पोर विहिरीत ढकलायला मी काही पुराणातली कुणी नाही.

समितीसमोर लिहायला सांगतील तेव्हा तिरकं लिही. प्रत्येक अक्षराची रेघ सुटी काढ, शेपटी काढू नकोस. आठ दिवस सराव कर.

हे पत्र फाडून टाक.

आत्या


३१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सराव केला होता, तो कामी आला.

लांबलचक टेबलाच्या पलीकडे तिघे प्राध्यापक, अलीकडे मॅडम, मी आणि नर्सबाई. बाई गणवेशातच आल्या होत्या, पाळीतून तासाची रजा काढून. टेबलावर तो कागद ठेवला होता, ओळीओळीच्या शेवटी आपली मांजराची शेपटी. माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या मॅडमनी आणल्याच नव्हत्या, म्हणून मला कोरा कागद दिला आणि चार ओळी लिहायला सांगितल्या. मी खिसे चाचपले. पेन नव्हतं. घाबरून खोलीतच विसरलो होतो.

बाईंनी त्यांचं पेन काढून माझ्यापुढे धरलं. सर, हे घ्या, म्हणाल्या.

त्याच पेनाने मी तिरकं लिहिलं. दीड महिना मी चिठ्ठ्या भरताना ती बाई माझ्या हाताकडे बघत शेजारी बसली होती. माझा हात कसा चालतो हे तिला समितीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती माझ्या कागदाकडे बघत होती, मग खिडकीकडे बघायला लागली. प्राध्यापकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, माना हलवल्या आणि मला जायला सांगितलं. पाव तासात निकाल लागला. बाईंचं नाव पटावरून कमी.

बाहेर त्या बुटाची नाडी बांधत होत्या. मला काहीतरी बोलायचं होतं. त्याआधीच त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या की तीन वाजत आले, मला वॉर्डात असायला हवं. पुरावा म्हणून आणलेली ती जाड वही त्यांनी समितीच्या टेबलावरच सोडली.

आणखी एक बातमी. सर्वाधिक चिठ्ठ्यांबद्दल मला उत्कृष्ट सहाध्यायी शिक्षक म्हणून प्रमाणपत्र मिळणार आहे. मॅडमनी त्यासाठी फोटो मागितलाय.

पेन माझ्याकडेच राहिलं. या पत्रालाही तेच वापरतो आहे. तुझी तब्येत सांभाळ. लोभ असू दे असं म्हणायची लाज वाटते.

ठोंब्या


७ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पाकीट उघडलं आणि वाटलं, कुणा परक्याचं पत्र चुकून माझ्याकडे आलंय. तिरकं, तुटक, रेघा सुट्या. पोस्टमनला परत बोलावणार होते. खाली ठोंब्या वाचलं आणि चष्मा पुसून पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

समिती तर आदल्या दिवशीच उठली होती. मग मला तिरकं का लिहिलंस? की आता तसंच येतं?

चार दिवस जेवण गेलं नाही. मी सदतीस वर्षांत एकाही पोराला पुढच्याची पाटी बघू दिली नाही, आणि घरच्या पोराला आख्खं माणूस लपवायला शिकवलं. भीतीने माझी मती गेली होती. भीती अजून आहे, पण ते तिरकं पत्र उशाशी ठेवून झोप येईना.

म्हणून तुला न विचारता मी समितीला पत्र लिहिलं. आख्खी ओळ, वरून एक रेघ, शेवटी शेपटी. लिहिलं की हे अक्षर माझं आहे, मी ते एकाच मुलाला दिलं, तुमच्या कागदाशी ताडून बघा. तिरकं लिहायला सांगणारी मीच, हेही लिहिलं. आणि तुझं दोन सप्टेंबरचं पत्र, काल पेन घेतलं म्हणून लिहिलेलं, सोबत टाचलं. नर्सबाईंसारखंच, मूळ कागद सोबत जोडला आहे. काल रजिस्टरने टाकलं. पावती माझ्याजवळ आहे, आता ते परत येत नाही.

समिती ऐकेल की बंद झालेलं प्रकरण म्हणून फेकून देईल, मला माहीत नाही. बाईंचं नाव परत लागेल की नाही, तेही नाही. तुझं वर्ष मात्र जाईल. प्रमाणपत्र तर जाईलच, आणि कदाचित मीही तुझ्या मनातून जाईन. तेवढं समजून उमजूनच पाकिटाला डिंक लावला.

हे पत्र मिळालं की दुपारी तीनच्या आत हॉस्पिटलात जा आणि त्यांचं पेन त्यांच्या हातात दे. मग वाटेत एखादं पेन विकत घे आणि मला पत्र लिही. शिव्या घालायच्या असतील तर पानभर घाल. पण सरळ अक्षरात घाल.

तुझी,
आत्या