दुसऱ्या रांगेतली मोकळी जागा

१ फेब्रुवारी १९८७, रविवार, संध्याकाळचे सात. शाळेच्या सामानखोलीत बाकावर बसून, एक ड्रम अर्धा मढवून बाजूला ठेवून लिहीत आहे.

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. यातला नमस्कार नेहमीचाच. विनंती एवढीच की हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

तुला कळवलं होतं की बाबांच्या जुन्या ड्रम पथकाची पोरं चौदा वर्षांनी पुन्हा जमणार आहेत. शाळेला पन्नास वर्षं झाली, म्हणून एकवीस तारखेला रस्त्यावरून वाजवत जायचं आणि पुढे बाबांनी चालायचं. मी बरोबर यावं असं बाबांना अजिबात वाटत नव्हतं. तुझं तिथे काय काम, असं चार वेळा म्हणाले. शेवटी आईनेच सांगितलं की गुडघा असा असताना एकटं सोडणार नाही, आणि आपला खिळ्या दुकानात खुर्च्या मढवतो तसे ड्रमही मढवेल. म्हणून आलो. बाबा का नको म्हणत होते ते आज कळलं.

सुरुवात चांगली झाली. पोरं म्हणायचं, पण सगळी तिशी ओलांडलेली. मोठा ड्रम वाजवणारा ढब्बू आता बँकेत कॅशियर आहे. तो दहा मिनिटं उशिरा आला. बाबांनी मैदानाकडे हात केला, आणि तो पोटासकट मुकाट्याने पूर्ण फेरी मारून आला. उशिरा येणाऱ्याने एक फेरी, हा नियम कोणी विसरलेलं नाही. सगळे हसत होते. बाबाही हसले, मी पाहिलं.

मग रांगा लागल्या. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी जागा मोकळी राहिली. मला वाटलं कोणी यायचं आहे. शेजारच्या बाईंना मी सरकून घ्या म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भलतंच काही बोललो. तेवढ्यात ढब्बूने सात नंबरचा ड्रम आणून त्या जागी ठेवला. वर फ्रेममधला फोटो ठेवला, फोटोपुढे पांढरी फुलं. फोटो तुझा होता. दोन वेण्यांचा, तू हसतेस तो.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाबांनीही. मी मेलो नाही एवढंच. तुझं परवाचं पत्र माझ्या खिशात होतं, ज्यात अक्कलदाढ दुखते म्हणून लिहिलं आहेस.

नंतर औषधांच्या दुकानाचा मालक, जो पथकाचा खजिनदार आहे, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळं सांगितलं. त्याला वाटलं मी रडतो आहे. आम्ही घाईने बदलीच्या गावी गेलो त्याच आठवड्यात बाबांनी इथे कळवलं होतं की तू मावशीकडे विषमज्वराने गेलीस. पथकाने त्या वर्षीच्या स्पर्धेतून नाव काढून घेतलं आणि पुन्हा काड्या हातात धरल्या नाहीत. दर फेब्रुवारीत वर्गणी काढून तुझ्या ड्रमवर फुलं वाहतात. पथकातलं माणूस गेलं की त्याची जागा भरायची नाही, बाजूच्यांनी सरकायचं नाही, हे बाबांनीच शिकवलेलं.

मी कोणाला काही बोललो नाही. बाबांनाही नाही. मी काय करू ते लगेच कळव. आईला हे माहीत नसणार, म्हणून तिला लिहिलेलं नाही.

तुझ्या मायेचा नेहमीचा हक्कदार,
खिळ्या

*

६ फेब्रुवारी १९८७

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद. स्वर्गातून आले आहेत, जपून ठेव.

बसून वाचलं, बरं झालं. तुझ्या भावोजींनी पत्र हातातून घेतलं, वाचलं, आणि माझा हात धरून नाडी पाहिल्यासारखं केलं. मी हसले.

नदीपलीकडच्या शाळेच्या बिगुलवाल्याबरोबर मुलगी पळून गेली, आणि तीही स्पर्धा आठ दिवसांवर असताना, हे बाबांना पथकासमोर सांगता आलं नसेल ते मी समजू शकते. चिडले असते, नाव टाकलं असतं, तेही समजलं असतं. पण विषमज्वर? कोणत्या दिवशी मारायचं हेही त्यांना बसून ठरवावं लागलं असेल. ते कसं ठरवतात रे?

आणि मी इतकी वर्षं समजत होते की पथकाने माझ्यावर राग धरला. लग्नाचं कळवलं होतं मी, ढब्बूलाच. उत्तर आलं नाही. आता लक्षात येतं, ते पत्र शाळेच्या पत्त्यावर पथकाच्या नावे पाठवलं होतं, पथकाचं टपाल म्हणून शाळेने ते पुढे बाबांकडे धाडलं असणार. स्पर्धेतून नाव काढल्याचं वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. तुझे बिगुलवाले भावोजी एवढंच म्हणाले की म्हणजे आमची शाळा त्या वर्षी माझ्याशिवाय आणि तुमच्याशिवाय जिंकली, यात काय मोठेपणा.

काल रात्रपाळी होती. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावरून एक तार जोडली की तुमच्या शाळेतला फोन वाजतो. तार हातात घेऊन बसले होते. पण कोण बोलतंय म्हणून विचारलं तर काय सांगायचं?

तू पथकाला काही सांगू नकोस. त्यांच्या पोरांसमोर बाबांची मान माझ्यामुळे दुसऱ्यांदा खाली जायला नको. पण बाबांना एकट्याला गाठून एवढंच सांग की ताईला कळलं आहे. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं. मला ती जागा हवी आहे, हे मात्र खोटं सांगणार नाही. पत्र वाचल्यापासून पोळपाटावर बोटं वाजतात. तुझी भाची विचारते, आई तू कोणाला मारतेस.

दाढ काढून टाकली. लोभ आहे तसाच राहू दे, माझ्यावर फुलं वाहू नकोस.
तुझी, अजून असलेली,
ताई

*

११ फेब्रुवारी १९८७, बुधवार, दुपारचे साडेतीन. सराव आज लवकर मोडला, सामानखोलीत एकटाच आहे.

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप सोमवारी सकाळी दिला. बाबा बुटांना पॉलिश करत होते. ऐकल्यावर थांबले नाहीत, त्याच एका बुटाला पॉलिश करत राहिले. मग म्हणाले की कार्यक्रम होऊ दे, मग सांगतो. आत्ता सांगितलं तर माझ्यामागे कोण चालेल. मी म्हणालो की बाबा, ती मेलेली नाही. ते म्हणाले, मला माहीत आहे, दर फेब्रुवारीत ते पहिल्यांदा मलाच आठवतं. नंतर दोन दिवस आम्ही एका खोलीत राहून एकमेकांचा डोळा चुकवत होतो.

आज जे झालं ते ऐक. ढब्बूने सगळ्यांसमोर सुचवलं की एकवीस तारखेला जागा नुसती मोकळी नको. भाऊ इथे आहे, तर त्याने बहिणीचा ड्रम गळ्यात अडकवून त्या जागी चालावं. वाजवायचं नाही, फक्त चालायचं. बायका डोळे पुसायला लागल्या. खजिनदाराने स्वतः पट्टा माझ्या खांद्यावरून घातला. नाही कसं म्हणणार, आणि हो तरी कसं म्हणणार. मी तुझ्या जागी जाऊन उभा राहिलो. ड्रम मीच मढवलेला, पण इतका जड असेल असं वाटलं नव्हतं.

बाबांनी शिट्टी तोंडात घेतली. सगळे पाय उचलायच्या तयारीत. शिट्टी वाजेना. बाबा माझ्याकडे पाहत होते. शेवटी शिट्टी काढून खिशात टाकली, आज पुरे म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले. लोकांना वाटलं, बापाचं काळीज आहे. मला शंभर वेळा वाटलं की गळ्यातलं ते काढून फेकावं आणि ओरडून सांगावं. तू नको म्हणालीस म्हणून गप्प आहे, पण पुन्हा हा ड्रम घालून चालणं माझ्याकडून होणार नाही.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
खिळ्या

*

१३ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. मुलीस,
आशीर्वाद. ते देण्याचा अधिकार मला उरला आहे किंवा नाही, हे तू ठरवावेस.

काल सकाळी पथकाला रांगेत उभे करून खरे काय ते सांगितले. तू कोणाबरोबर गेलीस, मी काय कळवले, ढब्बूला लिहिलेले तुझे पत्र माझ्याकडे आले ते मी फाडले, सर्व सांगितले. मी सावधानची आज्ञा दिली होती, ती मागे घेण्याचे मला सुचले नाही, त्यामुळे सर्वजण शेवटपर्यंत तसेच उभे राहिले. नंतर ढब्बूने तुझा फोटो उचलला, काच पुसली आणि फुले खाली टाकली. खजिनदार म्हणाला की सर, आम्ही एक स्पर्धा सोडली होती. दोघेजण तिथूनच घरी गेले, ते परत येतील असे वाटत नाही.

राहिलेल्यांनी ठरवले आहे की एकवीस तारखेला पुढे ढब्बूने चालावे, शिट्टी त्याने वाजवावी, मोठा ड्रम त्याच्या भावाने घ्यावा. मी मैदानात खुर्चीवर बसावे. ते योग्य आहे.

तुझी जागा मोकळी आहे. ती आता गेलेल्या माणसाची नव्हे, उशीर झालेल्या माणसाची आहे. तुझे यजमान आले तर त्यांना भेटावे अशी माझी इच्छा आहे. बिगुल आणू नये.

तुझे वडील

*

२४ फेब्रुवारी १९८७, मंगळवार, सकाळचे आठ. काल घरी पोचलो, दुकान उघडायच्या आधी लिहितो.

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. आता विनंती काही उरली नाही, नमस्कारच दोन समज.

तुम्ही सुखरूप पोचलात हे भावोजींच्या तारेने कळलं. आई कालपासून तुझ्या मुलीच्या फ्रॉकचं माप मागते आहे. बाबांशी मात्र बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, आणि भिंतीशी बोलते.

शनिवारची बस पाऊण तास उशिरा आली. तू फाटकातून आत आलीस तेव्हा सगळं पथक रांगेत उभं होतं. शेजारच्या बाई तुझ्या दंडाला चिमटा काढून मग तुझ्या गळ्यात पडल्या, ते तुला आठवत असेल. ढब्बू तुला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण तू त्याला मारलंस, म्हणजे ठीकच असेल. बाबा तुझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि पट्टा एक भोक वर घे एवढंच म्हणाले. तू घेतलास. तुमचं बोलणं तेवढंच झालं, असं तू जाताना बसमध्ये चढता चढता म्हणालीस, आणि तुझा आवाज जरा कडवट होता. म्हणून हे पत्र.

ढब्बूने शिट्टी वाजवली, तुम्ही निघालात. पथकात मान वळवत नाहीत, त्यामुळे मागे काय झालं ते तुला दिसलं नाही. शेवटची रांग फाटकाबाहेर पडली तसे बाबा खुर्चीवरून उठले. मला वाटलं फाटकापर्यंत जाऊन बघतील. पण ते उलट्या बाजूला वळले, कोट काढून खुर्चीवर घडी करून ठेवला, आणि मैदानाच्या कडेकडेने चालायला लागले. मी धावत गेलो आणि गुडघ्याचं म्हणालो, तर त्यांनी मला हाताने लांब केलं. म्हणाले, उशीर झाला की एक फेरी. मी मागे राहिलो. तुमचा आवाज रस्त्यावरून लांब लांब जात होता आणि बाबा त्याच ठेक्यावर पाय टाकायला बघत होते, दुखरा पाय दर वेळी मागे राहायचा. दोनदा थांबले. कोपरे कापले नाहीत. तुम्ही चौक वळून परत येत होता तेव्हा ते खुर्चीपाशी पोचले, कोट घातला, आणि तू आत आलीस तेव्हा आधीपासून बसलेले असावेत तसे बसले. हे कोणाला सांगू नकोस म्हणाले. तू म्हणजे 'कोणी' नव्हेस, म्हणून सांगितलं.

आईने खर्चाची मांडणी मागितली, तीच तुलाही उतरवून देतो. आमचं दोघांचं बसभाडं जाऊन-येऊन चौसष्ट रुपये. ड्रमची चामडी अकरा, एकशे पासष्ट रुपये, पैकी पथकाने शंभर दिले, पासष्ट येणे. बाबांच्या गुडघ्याचं मलम सहा रुपये. आणि खजिनदाराने निघताना बाबांच्या हातात बिल ठेवलं: फुलं, चौदा वर्षांची, एकशे बारा रुपये, मयताच्या बापाकडून वर्गणी घेतली नव्हती म्हणून आता पूर्ण देणे. आधी कोणी हसलं नाही, मग सगळेच हसले. बाबांनी तिथल्या तिथे आठ रुपये मोजून दिले. बाकी एकशे चार, दर फेब्रुवारीत आठ, स्वतः येऊन देणार असं खाली सही करून लिहून दिलं आहे.

पुढच्या फेब्रुवारीला बसची वेळ आधी बघून ठेव. माया आहे तेवढी पुरे, पत्रं मात्र वाढव.

तुझा,
खिळ्या