माझ्या गुडघ्यांनी बंद पाडलेला मंगळवारचा तास

आदरणीय विहीणबाई यांना,

तुमच्या नातीच्या आजीचा नमस्कार. (आपल्या दोघींची नात एकच, त्यामुळे ही ओळख तुम्हालाही लागू पडते. पण पत्र मी लिहिते आहे, तेव्हा आजी मी.) तब्येत बरी असेल असं धरून चालते. बरी नसली तरी तुम्ही ती बरीच सांगणार. कोणी विचारलं की "छान, मजेत!" म्हणून मोकळं व्हायची तुमची सवय. मला कोणी विचारलं की मी मानेपासून सुरुवात करते, आणि टाचेपर्यंत पोचेस्तोवर विचारणारा निघून गेलेला असतो. तर माझी मान तशीच आहे, कंबर तशीच आहे, आणि गुडघ्यांचं पुढे येणारच आहे, कारण सगळा घोळ त्यांनीच घातला. व्याह्यांचा खोकला थांबला का? गरम पाण्यानं काही होत नसतं म्हणावं, पण पीत राहा, तेवढाच उद्योग.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्ही इतकं गोड बोलता की मला काय बोलायचं होतं तेच विसरायला होतं. शिवाय माझी सून, म्हणजे तुमची लेक, भाजी निवडता निवडता कान इकडेच ठेवून असते. आणि माझं तोंड मला ठाऊक आहे. बोलायला जाते एक, निघतं भलतंच, आणि निघालेलं परत आत घालता येत नाही. कागदावर निदान खोडता येतं. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, त्यातली अर्धी धाकट्या भावंडांना काखेत घेऊन, तेव्हा शुद्धलेखन बघू नका. बघितलंत तर मनात ठेवा.

नातीच्या शाळेची बातमी सांगते. शाळेचं एक बातमीपत्रक दर महिन्याला निघतं, फोनवरही येतं आणि फाटकालाही चिकटवतात. (फाटकावरचं मी वाचते, तिथे अक्षर मोठं असतं.) या वेळी त्यात बदलच बदल. शाळा थोडी उशिरा भरणार. नाडीचे बूट घालून पाठवू नका, बाईंचा अर्धा दिवस नाड्या बांधण्यात जातो. मुलांना न्यायला यायचं ते मागच्या फाटकानं, पुढच्या दाराशी गाड्यांची कोंडी होते. चित्रकला आता सभागृहात. आणि सगळ्यात खाली, फुलांची वेलबुट्टी काढलेल्या चौकटीत, असं की ज्येष्ठांची गैरसोय लक्षात घेऊन आजी-आजोबांचा तास या महिन्यापासून बंद करण्यात येत आहे. वाईट बातमीला फुलं लावायची ही नवी रीत दिसते. आमच्या वेळी ती नुसती येऊन आदळायची.

हा तास काय, ते तुम्हाला नीट माहीत नसेल. दर मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, दुसरीच्या वर्गात आम्ही चार-पाच म्हातारी माणसं जायचो. एकेका कोपऱ्यात एकेकानं बसायचं, भोवती मूठभर पोरं, आणि आपल्याला जे येतं ते सांगायचं किंवा दाखवायचं. एक आजोबा जन्मभर बसचे कंडक्टर होते, त्यांना पोरं शिट्टीआजोबा म्हणतात. ते खुर्च्या मागेपुढे लावून दर वेळी नव्या गावाला बस न्यायचे, आणि मधेच बस बंद पडली की पोरांना उतरवून ढकलायला लावायचे. एक बटणआजी. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, त्या पोरांकडून बटणं लावून घ्यायच्या. आणि मी. मला गोष्टी येत नाहीत. ज्या येतात त्या लहान मुलांपुढे सांगण्यासारख्या नाहीत. मी आपली घरून एक मोठी पांढरी चादर न्यायचे. दवाखान्याच्या लॉन्ड्रीत उभा जन्म गेला, दुसरं काय नेणार? चार पोरं चार टोकांना उभी करायची, चादर ताणायची, एक झटका द्यायचा की ती अशी फाड्कन वाजते, मग टोकाला टोक, मधला भाग हनुवटीखाली, आणि चाला एकमेकांकडे. दर वेळी एक जण चादरीखाली घुसलेला असायचा आणि बाकीचे त्याच्यासकट घडी घालायला बघायचे. आपली नात मला वर्गाच्या दाराशी घ्यायला यायची आणि बोट धरून सगळ्यांच्या देखत अशी आत न्यायची, जणू बाजारात दहा आज्या बघून त्यातली ही तिनं निवडून आणली होती.

आता घोळ ऐका. वर्गाबाहेर एक बुटका बाक आहे. तास संपला की आम्ही सगळे तिथे टेकायचो आणि आपापली दुखणी बाहेर काढायचो. माणूस सुखात बसला की त्याला तक्रारी सुचतात. खरा त्रास असतो तेव्हा बोलायला फुरसत कुठे असते? लॉन्ड्रीत आम्ही बायका वाफेला दिवसभर शिव्या घालायचो आणि सुट्टीच्या दिवशी घरात करमत नाही म्हणून एकमेकींकडे जाऊन बसायचो. हे कळायला आमच्यासारखं असावं लागतं. शाळेच्या मोठ्या बाई आमच्यासारख्या नाहीत. (मोठ्या म्हणजे हुद्द्यानं. वयानं माझ्या सुनेएवढ्याच, आणि या वर्षीच आल्या आहेत.) त्या येता-जाता थांबायच्या, मान एका बाजूला कलती करून ऐकायच्या. विहीणबाई, टाकून बोलणारं माणूस परवडलं. मन लावून ऐकून घेणारं फार धोक्याचं.

एक दिवस त्यांनी आम्हाला सभागृहात बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, तासाबद्दल काय वाटतं ते मोकळेपणानं सांगा. झालं. मी सगळ्यांच्या आधी उभी राहिले. म्हटलं, खुर्च्या घोट्याएवढ्या आहेत, बसलं की उठवायला क्रेन लागते. जिन्याला डाव्या हाताला कठडा नाही, आणि माझा नेमका डावा गुडघा गेलेला. गोंगाट इतका की घरी गेल्यावरही कानात पोरं. आणि ती पोरं! निम्म्यांची नाकं वाहतात, ती माझ्या चादरीला पुसतात. चहाचं म्हणाल तर कप विसळलेलं पाणी बरं. सगळे हसले. हशा आला की माझी जीभ सैल सुटते, हा माझा जुना रोग. मग शिट्टीआजोबांनी घसा काढला, बटणआजींनी डोळे काढले, आणि एक गृहस्थ, जे आयुष्यात एकदाच तासाला आले होते, त्यांनी तर पाठीच्या मणक्यांची हजेरीच घेतली. दुखण्यांचा लिलाव लागल्यासारखं झालं, जो तो चढी बोली बोलतो आहे. आवडतं असं एकही तोंड म्हणालं नाही. म्हणायचं कशाला? दर मंगळवारी धुतलेले कपडे घालून, फाटक उघडायच्या आधी जी माणसं रांगेत उभी राहतात, त्यांनी आणखी तोंडानंही सांगायचं? मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, आम्ही तुम्हाला फार त्रास दिला, माफ करा. मी मनात म्हटलं, चला, निदान चहा तरी सुधारेल.

चहा सुधारला नाही, तास गेला. त्याच्या जागी 'ऐकण्याचा कोपरा' येणार आहे. एक यंत्र, त्याला कानाला लावायच्या वाट्या, त्यातून गोष्टी येतात. यंत्राला गुडघे नसतात. आम्हाला मात्र वर्षातून एकदा संमेलनाला बोलावणार, पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर. बोलायचं नाही, उठायचं नाही, नुसतं तिथे असायचं. म्हणजे एका गादीवर दुसरी गादी.

मागच्या फाटकाशी शिट्टीआजोबा भेटले तर म्हणाले, "सुरुवात तुम्ही केलीत." मी म्हटलं, "आणि घशाचं घोडं पुढे कोणी दामटलं?" पण बरोबर त्यांचंच होतं. बटणआजी माझ्याशी बोलतच नाहीत, तोंडाला स्वतःच बटण लावून घेतलंय. मी म्हटलं, जा ना, सांगा मोठ्या बाईंना की परत सुरू करा. तर सगळे म्हणतात, ज्यांनी मोडलं त्यांनी जोडावं.

हेही मी गिळलं असतं. जगात माझ्याशी न बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांच्यामुळे मला शांतता मिळते. पण ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी मला वाटलं नात रुसणार, आदळआपट करणार. मी रागवायच्या तयारीतच बसले होते. ती आली, दप्तर ठेवलं, माझ्यासाठी पाण्याचा पेला आणला आणि म्हणाली, "आजी, बरं झालं ना? आता तुला यावं नाही लागणार." वर्गात बाईंनी सांगितलं होतं म्हणे, आजी-आजोबांना त्रास होतो, म्हणून आपण त्यांना विश्रांती देऊ या. मग जरा वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी सगळ्यांना मंगळवारी नाक पुसून यायला सांगायचे. तरी तुला नाहीच ना आवडलं?"

विहीणबाई, ज्या तोंडानं भर सभागृहात हशा पिकवला ते तोंड त्या पोरीपुढे उघडेना. शेवटी म्हणाले, "हात धू, जेवायला चल." ती गेली, हात धुतले, शहाण्यासारखी जेवली. तेव्हापासून जिना चढताना मला विचारते, "दुखतंय का?" आणि मी काही बोलायच्या आतच माझी पिशवी घेते. रुसली असती तर मी तिला समजावलं असतं. ती माझी काळजी करते, त्यावर काय औषध?

असो. मला स्वतःला काही फरक पडलेला नाही. मंगळवार मोकळा झाला. या मंगळवारी मी चादरी धुतल्या, वाळल्यावर बघितलं तर पुरेशा स्वच्छ वाटेनात, म्हणून पुन्हा धुतल्या. सून म्हणाली, आई, या कालच धुतल्या होत्या. तिला म्हटलं, तुझ्या हातच्या होत्या म्हणूनच. (हे तिला लागलं असेल. तुम्हाला कळेलच, म्हणून आधीच कळवते.)

बाकी सर्व ठीक. मला काही नको. व्याह्यांना नमस्कार सांगावा.

तुमची विहीण
(जिचं तुम्ही चारचौघांत कौतुक करता आणि जी त्याची कधी परतफेड करत नाही, तीच)

ता. क. येत्या सोमवारी शाळेत घरच्या माणसांची सभा आहे. बदलांबद्दल कोणाला काही म्हणायचं असेल तर तिथे म्हणायचं, मग सगळं पक्कं. तुम्ही या. तुमच्या तोंडाला जे जमतं ते माझ्या तोंडाला या जन्मी जमणार नाही. माझी करपलेली भाजी खाऊन तुम्ही म्हणाला होता, "खरपूस चव काय सुरेख आलीये!" तसलंच काहीतरी मोठ्या बाईंना सांगा. म्हणावं, खुर्च्या छान आहेत, जिना छान आहे, या लोकांचं कुरकुरणं म्हणजे मांजराचं गुरगुरणं असतं, अंगावर हात फिरवला की ते सुरू होतं. स्वतःच्या मनचं म्हणून सांगा. माझं नाव मधे आणू नका.

ता. क. दुसरा. आलातच तर नातीलाही सांगा. काय ते तुम्हाला कळलं असेल. त्या वर्गातल्या पोरांच्या नाकांबद्दल माझं काही म्हणणं नाही, आणि चादर काय, धुतली की झालं, एवढं तिच्या कानावर घाला. मी सांगायला गेले की "हात धू" असंच निघतं. आजवर मी तुम्हाला पाठीमागे गोडबोल्या म्हणत आले. आता म्हणणार नाही, निदान सोमवारपर्यंत.

ता. क. तिसरा. वरचं लिहून झालं आणि वाटलं, विहिणीपुढे हात कशाला पसरायचा, आपणच जावं. आज सकाळी गेले. मोठ्या बाईंनी स्वतः उठून मोठी खुर्ची दिली. "तास परत सुरू करा" एवढंच वाक्य जिन्यावर दहादा घोकलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, मागचं फाटक फार करकरतं, डोकं उठतं. त्यांनी लगेच शिपायाला पाठवून तेल घालून घेतलं आणि मान कलती करून विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, घंटाही फार मोठ्यानं वाजते. दुपारी नातीला आणायला गेले तर घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलेलं, शाळा सुटल्याचं कोणालाच कळलं नाही, आणि आम्ही सगळे बाहेर अन् पोरं सगळी आत. शिट्टीआजोबांनी शेवटी शिट्टी वाजवली तेव्हा सुटली.

तेव्हा सोमवारची वाट बघू नका, रविवारीच या. मी आणखी एकदा त्या बाईंपुढे तोंड उघडलं तर माझ्या सोयीसाठी त्या शाळेलाच कुलूप लावतील.