होडीतला ओळखीचा माणूस

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. इथे संयुक्त सरावासाठी चार देशांच्या फौजांचे अधिकारी एका लांबलचक टेबलाभोवती बसलेत. मध्ये नकाशा, आणि त्यावर कुठेच नसलेला एक देश. तिथे समुद्र चढतो आणि बारा हजार माणसं बाहेर काढायचा आराखडा आम्ही सहा तासांत करतो. रोज. गाव खोटं, पण गल्ल्या पाठ झाल्यात. डोळे मिटले की तिथले दिवे पाण्यात हलताना दिसतात. शेजारी मित्रदेशाचा एक उंच कर्नल बसतो. आम्ही त्याला लंबू म्हणतो.

तुम्ही तीस वर्षं होडी चालवलीत. आमचं काय राहून जातंय, सांगा. आणि गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मेजर

९ मार्च

चि. मेजरबाईस,
अनेक आशीर्वाद.

गोळ्या घेतो. आई गेल्यापासून दटावायचं खातं तुझ्याकडे आलंय, ते जोरात चाललंय.

मोठ्या पुरात मी रिकामी होडी घेऊन दारोदार फिरलो. लोक छपरांवर बसून राहिले. परक्याच्या होडीत पाय टाकेनात. मग त्यांच्या गल्लीतल्या सुईणीला पुढे बसवलं, तेव्हा कुठे उतरले. प्रत्येक होडीत एक ओळखीचा माणूस बसवा. तुमचे साहेब हसतील. हसू देत.

जिवाला जप.

बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

लंबू हसलाच. ओळखीपाळखी काढत बसलो तर पाणी थांबणार आहे का, म्हणाला. तरी मी हट्टाने ती ओळ आराखड्यात घातली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सराव थांबला. लंबूच्याच देशाच्या किनाऱ्यावर खरं वादळ आलं होतं. आम्ही खोटी नावं पुसून खरी लिहिली. टेबल तेच, माणसं तीच. फक्त आवाज खाली आले. एका गल्लीतून कुणीच निघेना. लंबूने स्वतः फोन करून तिथला पोस्टमन शोधला, होडीत बसवला. दुपारपर्यंत गल्ली रिकामी.

त्या गल्लीतून बाहेर काढलेल्यांची यादी आल्यावर त्याने एक नाव दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाला, ही माझी आई. सैनिकांना तिने दोनदा परत पाठवलं होतं. आई तिथे आहे हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी आधी तीच गल्ली धरली असती, म्हणाला.

आता तो नकाशावरच डोकं टेकून झोपलाय. कुणी खुर्ची सरकवत नाही. खिडकीतलं ऊन निळ्या समुद्रावरून सरकत त्याच्या हातावर आलंय.

सात माणसं अजून सापडायची आहेत. तो उठला की पुन्हा शोध सुरू करू.

माया असू द्या.

तुमची,
मेजर